वाचून दाखवले, हरकत आली नाही

एका अहवालाखाली मी सही केली होती. त्या अहवालात महत्त्वाचे वाक्य एकच होते : 'गट क्रमांक एक ते अठ्ठ्याऐंशीचे सातबारा उतारे चावडीवर जमलेल्या खातेदारांस वाचून दाखवले, हरकत आली नाही.' ते वाक्य खोटे होते. मी एक्केचाळीस गट वाचले होते. उरलेले सत्तेचाळीस न वाचताच वही मिटली होती. सात वर्षे मी हे कोणाला सांगितले नाही, पत्नीलाही नाही. आणि ज्या एका माणसापासून ते सर्वांत जपून लपवले, त्याच्याविषयी आज लिहायला बसलो आहे. त्याचे नाव घेत नाही. नाव घेतलेले त्याला चालेल. पण बसून घेतलेले चालणार नाही, आणि मी तर बसून लिहितो आहे.

याचा उलगडा आधी करतो. आमच्या तालुक्याच्या कचेरीत ते गृहस्थ रेकॉर्ड सांभाळायचे. कचेरीच्या मागच्या अंगाला, लाल फडक्यांत बांधलेल्या दप्तरांच्या लाकडी मांडण्यांमध्ये त्यांचे टेबल होते. कोणी उतारा मागायला आले, की ते दप्तर सोडत, पान काढत, आणि खुर्चीवरून उठून उभे राहत. मग सगळा उतारा मोठ्याने वाचत. गट, क्षेत्र, आकार इथवर आवाज साधा असे. खातेदाराचे नाव आले की पाठ ताठ होई. मी त्या कचेरीत मंडळ अधिकारी म्हणून नवा रुजू झालो, तेव्हा मला ते नाटकी वाटले. एकदा म्हणालो, बसून वाचले तरी चालेल. ते म्हणाले, "चालंल की. पर बसून दुसऱ्याचं नाव घिऊ न्हाय, सायेब. त्येची जमीन हाय ती."

तरुण कारकून त्यांना पाठीमागे 'कर्णा' म्हणत. गावोगावची माणसे 'आण्णा' म्हणत. मी पदाने वरचा आणि वयाने धाकटा. काही दिवसांतच मीही आण्णा म्हणू लागलो.

वाचणे हे त्यांचे काम नव्हते, तो त्यांचा स्वभाव होता. कोल्हापूरच्या बसस्थानकावर उभे असले तर प्रत्येक गाडीची पाटी वाचत. "पन्हाळा, केर्लीवरनं." कोणी विचारलेले नसे. पण ती ऐकून दोन-तीन बायका तरी गाठोडी उचलून चालू लागत, आणि ते माझ्याकडे असे पाहत, की बघा, लागत होतं की नाही. औषधाच्या बाटलीवरचा कागद, लग्नाची पत्रिका, उसाच्या पावतीची मागची बाजू, काहीही ते मनात वाचू शकत नसत. मनात वाचलेले वाचलेच नाही, असे त्यांचे मत होते.

त्या मताचे मूळ त्यांनी मला एकदाच सांगितले. त्यांचे घराणे बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला होता, पण अक्षर त्यांच्या वाट्याला आले नव्हते. "माझ्या आज्यानं एका कागदावर अंगठा उठवला," ते म्हणाले. "वर काय लिवलंय त्ये त्येला कुणी वाचून दावलं न्हाय. कागद गेला, मागनं रान गेलं. वाचून दावलं असतं तर एकादवेळ आज्यानं दिलं बी असतं. पर ठावं असून दिलं असतं." यात तक्रारीचा सूर नव्हता. उतारा वाचावा तसे त्यांनी ते वाचले होते.

असा माणूस संगणकाच्या विरुद्ध असेल असे मी धरून चाललो होतो. मी चुकलो. सगळे उतारे संगणकावर चढवायचे ठरले, तेव्हा कचेरीत सर्वांत आधी शिकायला तेच बसले. निवृत्ती चार वर्षांवर आलेली, एका बोटाने टंकलेखन, आणि प्रत्येक अक्षर दाबताना त्याचा उच्चार. सर्व्हर बंद पडला की पडद्यावरची सूचना बाहेरच्या रांगेला न्यायाधीशाच्या गांभीर्याने वाचून दाखवत : "सर्व्हर व्यस्त आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." दिवसातून दहादा. रांगेतला एखादा ओरडून विचारी, "आण्णा, त्यो व्यस्त हाय तर आमी काय रिकामं हाय व्हय?" ते हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने यंत्राला वाचून दाखवत.

एका दुपारी त्यांना सरहद्दीवरच्या एका जवानाचा फोन आला. पूर्वी एका उताऱ्यासाठी त्याच्या रजेतले तीन दिवस आमच्या कचेरीच्या ओट्यावर जात. आता त्याने तो तिथूनच, मोबाइलवर काढला होता. आण्णांनी त्याला थांबायला सांगितले, स्वतः उभे राहिले, आणि त्याला पडद्यावरून त्याच्याच जमिनीचा उतारा फोनवर वाचायला लावला. त्याचे नाव आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. फोन ठेवून म्हणाले, "इतकी वर्सं मानूस कागदाकडं चालत आला, सायेब. आता कागद मानसाकडं चाललाय. ह्ये आज्याला दिसाय पायजे हुतं."

पण त्याच संध्याकाळी जे बोलले ते मी विसरलो नाही, जरी पुढे विसरल्यासारखा वागलो. "वहीतली चूक वहीत बसून ऱ्हाती. ह्येची चूक गावभर हिंडती, आन् छापील असती म्हणून कुणाला चूक वाटत न्हाय. तवा चावडीवरचं वाचन तेवढं नीट हुऊ द्या."

चावडीवरचे वाचन म्हणजे हे : उतारे संगणकावर चढवल्यावर ते पक्के करण्याआधी गावात जाऊन, खातेदारांना बोलावून, मोठ्याने वाचायचे. चढवणारा पोरगा गावचा नसतो. त्याला पानावर दिसते ते तो चढवतो. कोण जिवंत, कोण वारस, हे गावाच्या कानाला माहीत असते. चूक असेल तर ज्याची जमीन त्यानेच हात वर करावा. आदेश वरून आला होता, पण आण्णांना तो आपणच काढल्यासारखा वाटे. त्यांच्या आयुष्यभराच्या खोडीला सरकारी शिक्का मिळाला होता.

कबनूरच्या पलीकडे एक गाव आहे. तिथले वाचन माझ्याकडे होते. उन्हाळ्याचे दिवस, चावडीवर जेमतेम बारा माणसे. जिल्ह्यात कोणता तालुका पुढे याची यादी रोज निघत होती, आणि त्याच दिवशी मला आणखी एक गाव उरकायचे होते. माझा आवाज मुळात लहान. एक्केचाळीस गट वाचून घसा बसला, लोक जांभया देऊ लागले. मी वही मिटली आणि म्हणालो की उरलेलेही असेच आहे, आता सगळे ऑनलाइन दिसणार, घरबसल्या निवांत पाहा. मला ते वाक्य फार आधुनिक वाटले होते. लोक उठले. मागच्या खांबाला टेकून एक बाई बसल्या होत्या, त्याही उठल्या.

त्या विधवा होत्या. कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्याचे काम करत. त्या दिवशी पाळी बुडवून वाचनाला आल्या होत्या, हे मला मागाहून कळले. त्यांचा गट त्रेसष्टावा.

कचेरीत परतल्यावर आण्णांनी विचारले, "शेवटापतूर वाचलं न्हवं?" मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा उच्चार झाला नव्हता, म्हणून मला ते खोटे वाटले नाही. मग सही केली.

चार महिन्यांनी त्या बाई आल्या. दिराने त्यांना बांधावर अडवले होते. त्याच्या हातात छापील उतारा होता, त्यावर त्यांचे नाव नव्हते. "कुठाय तुझं नाव, दाव की," तो म्हणाला होता. "साऱ्या जगाला दिसतंय, तुझं नाव न्हाय." जमीन विकायची बोलणी त्याने सुरू केली होती. त्या अर्ध्या एकरावर त्यांनी दोन लेकी वाढवल्या होत्या.

आण्णांनी दप्तर सोडले आणि जुने पान काढले. मी शेजारी उभा होतो. आमच्या खात्यात नाव कमी झाले की ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. त्या पानावर त्यांच्या मृत नवऱ्याच्या नावाला कंस होता. पण जुन्या तलाठ्याचा हात जड, कंसाची खालची रेघ लांबत जाऊन पुढच्या ओळीतल्या बायकोच्या नावाखालून फिरली होती. शहरातून आलेल्या चढवणाऱ्या मुलाला दोन्ही नावे कंसात दिसली. त्याने दोन्ही वगळली. त्याचा काय दोष? ही चूक धरायला तर चावडी होती.

आण्णा पान हातात धरून उभेच होते. त्यांनी मला विचारले, "तुमी वाचलतं, आन् आक्का तितं हुत्या. मग बोलल्या कशा न्हाईत?"

मी उत्तर देण्याआधी त्या बाईच म्हणाल्या, "मला वाटतंय, मधीच उठलती सगळी. आमच्या गटापतूर आलंच नव्हतं."

त्या क्षणी खरे बोलणे सोपे होते, इतके सोपे पुन्हा कधी झाले नाही. खोलीत तिघेच होतो. मी म्हणालो, "शेवटपर्यंत वाचले. बाईंचे लक्ष नसेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग हळूच आपला उजवा कान चोळला. "आसंल," त्या म्हणाल्या. "मागाच्या खडखडाटात ऱ्हाऊन कान गेल्यात आमचं. माझंच चुकलं आसंल, सायेब."

माझा खोटेपणा त्यांनी आपल्या कानावर घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

पुढचे दीड वर्ष मी लांबून पाहिले. पहिल्या सुनावणीत त्यांचा अर्ज फेटाळला गेला. कारण एकच, माझे वाक्य : वाचून दाखवले, हरकत आली नाही. आण्णांनी अपील लिहिले, स्वतःच्या रजा टाकून दर तारखेला त्यांच्याबरोबर कोल्हापूरला गेले. आमच्याच कचेरीचा माणूस आमच्याच अहवालाविरुद्ध उभा राहतो म्हणून वरिष्ठांनी त्यांना बोलावून सुनावले. ते म्हणाले म्हणे, अहवाल खोटा आहे असे मी कुठे म्हणतो? साहेबांनी वाचले ते खरेच. माझे म्हणणे एवढेच, की पान बघा. त्या मूळ पानावरच अखेर निकाल झाला आणि नाव लागले. तोवर माझी बदली पन्हाळ्याला झाली होती. तिथल्या धुक्यात मला ती बातमी फोनवर कळली, आणि मी सुटलो असे वाटले. सुटलो नव्हतो.

गेल्या वर्षी, माझी निवृत्ती जवळ आली असताना, मी त्याच तालुक्यात नायब तहसीलदार म्हणून परत आलो. कचेरीसमोरच्या ई-सेवा केंद्रात आण्णा सकाळी दहाला येऊन बसतात हे ऐकले होते. मोबदला घेत नाहीत. केंद्र चालवणारी मुलगी उताऱ्यांपासून दाखल्यांपर्यंत सगळे पटापट काढून देते. माणसाला समजून घ्यायला वेळ लागतो, तेवढा आण्णा देतात. यंत्रावर बोट उमटत नाही अशांसाठी त्यांनी एक वहीच केली आहे. कांड्या भरणाऱ्यांची अंगठा-तर्जनी सुताने गुळगुळीत झालेली असते, डावी करंगळी शाबूत. गुऱ्हाळावरच्यांचे बोट आधी कोमट पाण्यात धरायचे. शेणगोठा करणाऱ्या बायांचे सकाळी न घेता दुपारी घ्यायचे. ज्या म्हाताऱ्याच्या मोबाइलचा पासवर्ड नातवाकडे आणि नातू पुण्याला, त्याला शेजारच्या कोणत्या दुकानातून नातवाला फोन लावता येतो, हेही त्या वहीत आहे. मी ती वही चाळली. तीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेल्या सगळ्या टिप्पण्या तिच्यापुढे फिक्या वाटल्या.

पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आण्णा वाचत नव्हते. एका आजीबाईंचा दाखला त्यांनी टेबलावर ठेवला, तिचे बोट धरून एकेका ओळीवर फिरवले, तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. ओठ मिटलेले. नावापाशी आले तेव्हा उभे राहिले, पण गप्पच.

मी बाहेर चहाला नेऊन विचारले. ते सहजपणे म्हणाले, "वाचणं सोडलं, सायेब. ती आक्का आठवती न्हवं? तुमी शेवटापतूर वाचलं, ती समोर बसलती, तरी तिच्या कानात गेलं न्हाय. ज्येच्यासाटनं वाचायचं त्येचंच कान कामानं खाल्ल्यात. मग माझं जन्मभराचं वाचणं कुणासाटनं हुतं? म्हणून बोट धराय लागलो. आवाजावर इस्वास न्हाय ऱ्हायला."

त्या बाईंची जमीन निदान परत मिळाली होती. या माणसाकडून मी जे काढून घेतले होते, त्याची नोंद कोणत्याही पानावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी त्यांच्या घरी गेलो. ते तांदूळ निवडत बसले होते. मी खाली बसलो आणि सगळे सांगितले; किती गट वाचले, का थांबलो, त्यांच्या टेबलापाशी काय बोललो. माझा आवाज इतका लहान झाला होता, की त्यांना पुढे वाकावे लागले. सांगून झाल्यावर त्यांनी ताट बाजूला सरकवले. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या मला हव्या होत्या.

ते म्हणाले, "म्हंजे तिचं कान चांगलं हायती."

एवढेच. सात वर्षांचा हिशेब या माणसाने मांडला आणि त्यात त्यांना पहिली दिसली ती ही गोष्ट. आजवर मी पुष्कळ मोठी माणसे पाहिली. त्या वाक्यापुढे नतमस्तक व्हावे असे मात्र त्याच दिवशी वाटले.

मी क्षमा मागू लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवले. "मला सांगून काय उपेग? जितं वाचायचं ऱ्हायलंय तितं वाचा. बेचाळीसपास्नं."

मी आधी वरिष्ठांकडे लेखी कबुली दिली. तिचे जे व्हायचे ते होईल. चौकशी चालू आहे, आणि ती व्हायलाच हवी. मग गावात दवंडी दिली. त्या दिवशी चावडीवर बारा नव्हे, शंभरावर माणसे होती. साहेब स्वतःची चूक वाचणार आहे ही बातमी कबनूरपर्यंत पोचली होती. त्या बाई दोन्ही लेकींसह आल्या आणि पूर्वीच्याच खांबाला टेकून बसल्या. आण्णा पुढच्या रांगेत, डोळे मिटून.

मी उभा राहिलो. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. दोन ठिकाणी हात वर झाले, एका मयताचे वारस आणि एका विहिरीचा हिस्सा. तलाठ्याने टिपून घेतले. सात वर्षांपूर्वी तेही टिपता आले असते. त्रेसष्ट आला. क्षेत्र वाचले, आकार वाचला. त्यांचे नाव उच्चारले, तेव्हा माझ्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. आण्णा उभे राहिले होते. डोळे मिटलेलेच, पाठ ताठ, आणि ते नाव त्यांनी बसस्थानकावर ऐकू जावे अशा आवाजात घेतले. त्यापुढचे सगळे गट आम्ही दोघांनी मिळून वाचले.

अठ्ठ्याऐंशी संपल्यावर ते बसले. मी खिशातला कागद काढला. त्यावर माझी क्षमायाचना नीट, शुद्ध भाषेत लिहिलेली होती. ती वाचू लागलो, तर दोन ओळींत आण्णांनी डोळे उघडले.

"मागं ऐकू जात न्हाय, सायेब."

मी कागद घडी करून ठेवला. गर्दीतून वाट काढत खांबापाशी गेलो. त्या बाई उठू लागल्या, मी त्यांना बसा म्हणालो आणि स्वतः उभा राहिलो. मग त्यांचे नाव घेतले आणि जन्मात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून म्हणालो :

"त्या दिवशी मी एक्केचाळीस गट वाचून थांबलो. तुमचा गट वाचलाच नाही. शेवटपर्यंत वाचले असे मी खोटे लिहिले, आणि आण्णांसमोर, तुमच्यासमोर खोटे बोललो. तुमचे लक्ष होते. तुमचे कान चांगले आहेत. चूक माझी होती. मला क्षमा करा."